‘कशावरून?’ असे विचारणाऱ्या मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समितीचे आवाहन

ग्रामस्थ, माजी विद्यार्थी आणि मुंबई-पुण्यातील चाकरमानी मंडळी यांस सप्रेम नमस्कार.

देवगड तालुक्याच्या किनाऱ्यावरील आपल्या शाळेत गेल्या वर्षापासून सहावी ते आठवीची मुले जेटीच्या खांबावर रंगाने आखलेल्या पट्टीवरून पाण्याची उंची वाचतात आणि भरतीच्या सुमारास दर पंधरा मिनिटांनी ती वहीत टिपून ठेवतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीन आणि अष्टमीला सहा वाजता, हा हिशेब आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. मुलांच्या नोंदी मात्र त्याच्याशी नेमक्या जुळेनात. आधी वाटले, घड्याळे चुकीची असावीत. मग घड्याळे लावून घेतली, तरी फरक राहिलाच. शेवटी मुलांनीच गणित मांडले, की अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतच्या पंधरा तिथींत भरती बारा तासांनी पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे पडतात. पाऊणपटीत मात्र ४५ धरली जातात, आणि पौर्णिमेपर्यंत नेमका पाऊण तासाचा फरक साठतो. शिवाय अमावास्येची भरती सगळ्या बंदरांत एकाच वेळी येत नाही, किनाऱ्याच्या आकाराप्रमाणे आणि पाण्याच्या खोलीप्रमाणे तिची वेळ बदलते. पाऊणपटीचा हिशेब होडीवर बसून तोंडी करण्यासाठी आहे आणि त्या कामाला तो चोखच आहे, हेही एका तांडेलांनी, म्हणजे होडीच्या नाखव्यांनी, मुलांना समजावले. तो कितपत बरोबर आहे आणि कुठे कमी पडतो, हे मुलांना आता स्वतःच्या नोंदींवरून सांगता येते, आणि आमच्या मते विज्ञानाच्या तासाला शिकायचे ते हेच.

परीक्षेत लंबकाची व्याख्या लिहून गुण मिळतात, त्याला आमचा आक्षेप नाही. पण जाळ्याची शिशाची वजने दोरीला टांगून, एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम पाळत, वजन दुप्पट केले तरी हेलकाव्याचा वेळ बदलत नाही आणि दोरी चौपट केली की तो दुप्पट होतो, हे ज्या मुलीने स्वतः मोजले, तिला ती व्याख्या पाठ करावी लागत नाही.

विजयदुर्गाचे उदाहरण थोडे नाजूक आहे, तरी सांगतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. मुलांनी ‘कशावरून?’ विचारल्यावर शिक्षकांनी तारखा फळ्यावर मांडल्या. त्या ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर इंग्लंडमध्येच होते आणि तिथूनच, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फाकून पडणाऱ्या रंगपट्ट्यात, हेलियमची खूण असलेली पिवळी रेषा पाहिली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना. मग लॉकियर विजयदुर्गाला आलेच नाहीत का? आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्याच मोहिमेचे असावेत, असा तर्क मुलांनी केला आहे. आपल्या किल्ल्याचा मान यात कमी झाला असे समितीला वाटत नाही.

हे काम पुढे नेण्यासाठी आपले साहाय्य हवे आहे. महागडी उपकरणे कृपया देऊ नका. पूर्वी मिळालेल्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर दोन पावसाळ्यांत बुरशी धरली, आणि खाऱ्या हवेने त्याचे स्क्रू असे गंजले की ते आता कपाटाची शोभा तेवढे वाढवते. आम्हांला हवीत ती रोजच्या हाताळणीची साधने: बारा स्टॉपवॉच, मोजपट्ट्या, तापमापक, हातभिंगे, स्प्रिंगचे काटे, एक चांगला पर्जन्यमापक, वर्णपट पाहण्याची खोकी बनवण्यासाठी जुन्या सीडी, आणि हे सगळे कोरडे राहील असे घट्ट झाकणाचे एक कपाट. यासाठी सुमारे ६० हजार रुपये लागतील. देणगी शाळेच्या कार्यालयात रोख किंवा समितीच्या नावे धनादेशाने स्वीकारली जाईल आणि प्रत्येक रकमेची पावती मिळेल. मात्र आयकरात सवलत मिळणारी पावती आम्ही देऊ शकत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. वस्तूरूपाने देणार असाल, तर आधी शिक्षकांशी बोलावे, म्हणजे एकच वस्तू चार घरांतून येणार नाही.

पैशांइतकीच गरज माणसांची आहे. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतला फरक वर्षानुवर्षे अंगावर घेतलेले तांडेल, आंब्याच्या मोहोराच्या तारखा टिपून ठेवणारे बागायतदार, प्रयोगशाळेत नोकरी केलेले निवृत्त गावकरी यांनी महिन्यातून एक शनिवार मुलांना द्यावा. भाषण नको; मुले प्रश्न विचारतील, त्यांना उत्तर द्यावे, आणि ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे.

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता शाळेत जरूर यावे. भरतीच्या नोंदींच्या वह्या त्या दिवशी वर्गात मांडलेल्या असतील आणि गोळा झालेल्या रकमेचा हिशेब फळ्यावर लिहिलेला असेल. त्यातल्या कुठल्याही आकड्याबद्दल ‘कशावरून?’ विचारायला हरकत नाही.

आपली नम्र,
शाळा व्यवस्थापन समिती