पोस्टमनच्या गाण्यांना टपालाने तारलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत स्वतंत्र गायक-गीतकारांवर आलेला लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे, पण ‘इंटरनेट आलं आणि गायक कंपन्यांच्या तावडीतून सुटला’ हे त्यातलं विधान काही पटलं नाही. जॉन प्राइन या अमेरिकन लोकगायकाने १९८१ मध्येच रेकॉर्ड कंपन्यांना रामराम ठोकला होता, आणि तोही पोस्टाच्या भरवशावर. माझी उभी हयात टपाल खात्यात गेली, त्यामुळे या माणसाबद्दल मला अंमळ जास्त जिव्हाळा आहे.

कारण प्राइन स्वतः पोस्टमन होता. शिकागोला लागून असलेल्या मेवूड गावचा. मध्यंतरी सैन्याच्या नोकरीत पश्चिम जर्मनीला जाऊन आला आणि परत बटवड्याला लागला. बीटवर, म्हणजे टपाल वाटायच्या ठरलेल्या भागात, चालता चालता गाणी रचायचा. तिकडे वाटेत मोठ्या लोखंडी पेट्या असतात, पुढच्या टप्प्याचं टपाल गाडीवाला त्यात आणून ठेवतो. शिकागोचा वारा झोंबायला लागला की हा गडी त्या पेटीत शिरून डबा खायचा. आमच्याकडे कोणी असा सापडला असता तर दुसऱ्या दिवशी हातात मेमो पडला असता.

त्याच्या आधी, पोरवयात, मित्राबरोबर तो वर्तमानपत्रं टाकायचा. त्या वाटेवर एक वृद्धाश्रम होता. तिथले काही म्हातारे-म्हाताऱ्या शेजारच्यांसमोर असं भासवायचे, की हा पेपरवाला पोरगा म्हणजे आपल्याला भेटायला आलेला नातूच. पुढे बाविशी-तेविशीत त्याने म्हातारपणाच्या एकटेपणावर जे गाणं लिहिलं, त्यामागे हा वृद्धाश्रम आहे. एवढ्या कोवळ्या वयात ते लिहिलं यावर विश्वास बसत नाही. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा निम्मे शब्द कळले नव्हते, तरी पुन्हा लावलं.

आता वर्तमानपत्राचा संबंध. १९७० मध्ये प्राइन शिकागोतल्या ‘फिफ्थ पेग’ नावाच्या लहानशा क्लबात गात होता. एका रात्री ‘शिकागो सन-टाइम्स’चा चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट तिथे टेकला. प्राइन सांगायचा, की सिनेमा बेताचा होता, पॉपकॉर्न खारट होतं, म्हणून ईबर्ट उठून बिअर शोधत बाहेर पडला होता. संगीत हा त्याचा विषय नव्हता. तरीही त्याने सिनेमा बाजूला ठेवून या गाणाऱ्या पोस्टमनवर लिहिलं. ते ९ ऑक्टोबरला छापून आलं, आणि दुसऱ्याच दिवशी प्राइनला चोवीस वर्षं पूर्ण झाली. त्यानंतर त्या क्लबात त्याच्या कार्यक्रमाला खुर्ची रिकामी राहिली नाही. पुढच्या वर्षी क्रिस क्रिस्टॉफरसन या नावाजलेल्या गायक-गीतकाराने त्याला ऐकलं, न्यूयॉर्कला मंचावर बोलावलं आणि अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीने लगोलग करार केला.

पुढच्या दहा वर्षांत दोन मोठ्या कंपन्यांकडून सात अल्बम आले. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण खप यथातथाच. कंपनीचा व्यवहार असा, की ध्वनिमुद्रणाला आगाऊ रक्कम देते, ती गायकाच्या रॉयल्टीतून वळती करून घेते आणि मूळ ध्वनिमुद्रण मात्र कंपनीच्याच मालकीचं राहतं. शेवटी प्राइनने आपला व्यवस्थापक अल बुनेटा याच्यासोबत ‘ओ बॉय रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली. पुढच्या अल्बमचे पैसे चाहत्यांनी आधीच चेकने पाठवले. रेकॉर्ड तयार व्हायची होती, हातात काही नव्हतं, तरी लोकांनी पाकिटात चेक घातला, तिकीट लावलं आणि पाठवून दिला. तो अल्बम १९८४ मध्ये निघाला.

लेखकाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. ज्यांनी चेक पाठवले त्यांच्यापर्यंत प्राइनचं नाव नेलं ते त्या जुन्या कंपन्यांच्या अल्बमांनीच. शिवाय गायिका बॉनी रेटसारख्यांनी त्याची गाणी गायली, त्याचाही हातभार लागला. कोऱ्या पाटीवर कोणी स्वतंत्र होत नाही.

पण एकदा बाहेर पडल्यावर तो परत गेला नाही. १९९१ च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं ते स्वतःच्या कंपनीतून. १९९८ मध्ये मानेच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, आवाज खाली उतरला, घोगरा झाला. मग त्याने आपली जुनी गाणी त्या नव्या आवाजात पुन्हा गाऊन घेतली, म्हणजे या ध्वनिमुद्रणांची मालकी तरी स्वतःकडे राहील. मला तर हा आवाजच त्या गाण्यांना जास्त शोभतो असं वाटतं. २०१३ मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर झाला, त्यातूनही उठला. २०१८ चा अल्बम ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेला. साऱ्या कारकिर्दीत याहून वर तो कधी गेला नव्हता. ७ एप्रिल २०२० रोजी कोविडने त्याला नेलं, तेव्हा तो ७३ वर्षांचा होता.

माझं म्हणणं एवढंच, की त्याला इंटरनेटची वाट पाहावी लागली नाही. त्याला एक समीक्षक लागला, ज्याने व्ह्यूज मोजले नाहीत, कारण मोजायला काही नव्हतंच, आणि पाकिटात पैसे घालणारे श्रोते लागले. आपल्या अंकात हल्ली गायकाची बातमी येते ती त्याच्या गाण्याला किती लाख व्ह्यूज मिळाले यावरून. तो आकडा आम्हाला मोबाइलवरही दिसतो. त्यापेक्षा एखाद्या बातमीदाराला, हवं तर सिनेमा लिहिणाऱ्यालाच, महिन्यातून एकदा वाचनालयाच्या सभागृहात किंवा कॉलेजच्या कट्ट्यावर गाणं ऐकायला पाठवा. त्याला जे वाटलं ते दोनशे शब्दांत छापा, आणि गायकाचा पुढचा कार्यक्रम कुठे आहे, तिकीट कितीला आहे, त्याला थेट पैसे कसे पाठवायचे, हेही खाली द्या.

कळावे.
आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, सातारा