पायातली रक्ताची गुठळी (डीव्हीटी) टाळणारा पंप पुन्हा पुन्हा पायाला बांधणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

मिरजेच्या दवाखान्यात एप्रिलमध्ये तुमच्या वॉर्डात होते त्या कवठेमहांकाळच्या आप्पांचा मी मुलगा. डिस्चार्ज मिळाला तेव्हा तुमची ड्युटी संपली होती. पेढ्यांचा पुडा काउंटरवर ठेवून आलो, पण जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही. पत्र मात्र मुद्दाम उघड लिहितोय. घरात माणूस अंथरुणाला खिळलं की काय काय बघावं लागतं, हे आम्हाला तुमच्यामुळं कळलं. ते आणखी चार घरांत पोचावं असं मनापासून वाटतं.

आप्पांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि डावा हात-पाय गेला. डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं की आता पायांचीही काळजी आहे. माणूस हलेना झाला की पोटरीच्या शिरांत रक्त रेंगाळतं, त्याची गुठळी होते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. एरवी त्यासाठी रक्त पातळ करणारं इंजेक्शन पोटावर देतात. पण मेंदूतला रक्तस्राव ताजा असताना ते लगेच देता येत नव्हतं. इकडं आड, तिकडं विहीर. पायाच्या नाडीला हात लावून, रक्तपुरवठा ठीक आहे याची खात्री करून डॉक्टरांनी डीव्हीटी पंप लिहून दिला आणि ते पुढच्या पेशंटकडं गेले. तिथून पुढचं सगळं तुमच्यावर होतं.

मशीन आलं तेव्हा आम्ही बावरलोच होतो. पलंगाच्या कठड्याला अडकवलेला लहानसा डबा, त्यातून निघालेल्या नळ्या, आणि दोन्ही पायांना गुंडाळलेले कापडी कफ. हवा भरली की कफ फुगायचा, दहा-बारा सेकंदांत सैल पडायचा, मग मिनिटभर शांत. आप्पा दचकायचे. तुम्ही त्यांच्या उशाशी वाकून म्हणालात, "आप्पा, चालताना पोटरी आवळते ना, तेव्हा ती रक्त वर ढकलते. आता तुम्ही चालत नाही, म्हणून हे मशीन पोटरी आवळतंय. आधी घोट्याजवळ, मग त्याच्या वर, मग आणखी वर." आप्पांची जीभ तेव्हा जड होती. तरी ते अडखळत बोलले, "म्हैसाळची स्कीम." कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं पंपांनी वर चढवत आमच्या दुष्काळी शिवारापर्यंत आणणारी ती योजना. तुम्ही हसून "अगदी बरोबर" म्हणालात. आजारी पडल्यापासून आप्पा स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यानंतर ते कफला कधी दचकले नाहीत.

मला आभार मानायचे आहेत ते त्या मशीनच्या पुढं जाऊन. पंप पायाला असतो तेवढाच वेळ काम करतो, बाजूला पडला की तो नुसता डबा. आणि तो बाजूला पडायला कारणं कितीतरी. सीटी स्कॅनला नेलं, कफ काढले. अंग पुसायचं, काढले. फिजिओथेरपीवाले आले, काढले. परत आणून पलंगावर ठेवणारा माणूस वेगळा, त्याच्या हातात दहा कामं, कफ पायथ्याशी तसेच. तुमच्या ड्युटीत असं एकदाही झालं नाही. पेशंट परत आला की पाचव्या मिनिटाला तुम्ही हजर. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला औषधांच्या बरोबरीनं "पंप चालू आहे, बघत राहा" हेही सांगायचात. दिवसरात्र मिळून जास्तीत जास्त तास तो पायावर राहिला पाहिजे, हे तुम्ही आम्हाला पटवून दिलंत. मग आम्हीही आवाज बंद झाला की लगेच मान वर करून बघायला लागलो.

तुमचं ते कफ बांधणंसुद्धा बघत राहावं असं होतं. एप्रिलचा उकाडा, कफच्या आत घाम. आधी पाय मऊ कापडानं टिपून कोरडा करायचा. टाच उचलून बॅटरीच्या उजेडात बघायची, घोट्याचं हाड बघायचं, कुठं लाल झालंय का. मग कफ गुंडाळायचा, सुरकुती हातानं सपाट करायची, पट्टी चिकटवल्यावर दोन बोटं आत जातात का ते बघायचं. नळी पायाखाली येऊ द्यायची नाही. शेवटी बोटांना हात लावून ती गार पडलीत का हे बघायचं. आप्पांना बरीच वर्षं साखर आहे, तळपायाला चटका बसला तरी कळत नाही. त्यांना जे कळणार नव्हतं ते तुम्ही त्यांच्या वतीनं बघत होतात.

आत्या तासगावहून आली ती तेलाची बाटली घेऊनच. धाकट्या भावाचे पाय चेपून द्यायचे, ही तिची माया. दुसरं कुणी असतं तर खेकसलं असतं. तुम्ही तिच्या शेजारी बसलात. "मावशी, आत गुठळी झालेली असली आणि वरून जोरात चोळलं, तर ती सुटायची भीती असते. म्हणून मालिश नको. पण एक काम तुम्हीच करायचं. दोन्ही पोटऱ्या रोज बघायच्या. एक दुसरीपेक्षा सुजलेली दिसली, गरम लागली, दुखते म्हणाले, की मला हाक मारायची. आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर धावत यायचं." आत्यानं बाटली पिशवीत ठेवली आणि ते काम शेवटपर्यंत केलं. एका संध्याकाळी तिला डावी पोटरी जड वाटली. तुम्ही लगेच पंप थांबवलात, डॉक्टरांना बोलावलंत, डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, झाली. गुठळी नव्हती. अशी शंका आली की आधी पंप बंद करून तपासायचं असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. उगाच सगळ्यांना घाबरवलं म्हणून आत्याला ओशाळल्यासारखं झालं होतं. तुम्ही तिला म्हणालात, "असंच बघत राहा मावशी."

आमच्या एका पाहुण्यानं दुकानातून घट्ट मोजे आणून दिले होते, "हे घाला, मशीनची गरज नाही." तुम्ही ते घालू दिले नाहीत. तेव्हा आम्हाला ते जरा कडक वाटलं. घरी आल्यावर मी त्यावर वाचलं. पक्षाघाताच्या पेशंटना मांडीपर्यंतचे असे मोजे घालून ब्रिटनच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं मोठी तपासणी झाली होती. २००९ मध्ये तिचे निष्कर्ष आले: गुठळ्या काही कमी झाल्या नाहीत, उलट कातडीला जखमा वाढल्या. त्याच लोकांनी मग पंप तपासला. उठून चालता न येणारे २,८७६ पेशंट, निष्कर्ष २०१३ चे. पंप न लावलेल्यांपैकी १२.१ टक्के जणांच्या गुडघ्यामागच्या किंवा मांडीतल्या खोल शिरांत महिनाभरात गुठळी सापडली, पंप लावलेल्यांत ८.५ टक्के. म्हणजे पंप गुठळी पूर्ण टाळत नाही, पण धोका नक्की कमी करतो. आणि त्याच तपासणीत पंपवाल्यांच्या पायाला जखमाही थोड्या जास्त दिसल्या होत्या, १.४ च्या जागी ३.१ टक्के. हा आकडा वाचला आणि तुमची ती बॅटरी, तो टिपून कोरडा केलेला पाय डोळ्यांपुढं आला. आप्पांच्या पायाला साधा ओरखडाही आला नाही.

पुढं स्कॅन समाधानकारक आल्यावर डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. मग फिजिओनं आप्पांना पलंगाच्या कडेला बसवलं, मग उभं केलं. उभं करायच्या आधी नळ्या सोडायला तुम्ही जातीनं आलात. त्यात पाय अडकून माणूस पडतो, हे बजावून सांगितलंत. घरासाठी मशीन भाड्यानं आणू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही मला थेट डॉक्टरांकडं पाठवलंत. हृदय कमजोर असलं, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असल्या किंवा आधीच गुठळी असली तर हे मशीन अपायही करू शकतं, मनानं लावायचं नाही, असं म्हणालात. डॉक्टरांनी सांगितलं, आता चालवणं हेच औषध. तसंच चाललंय.

आप्पा आता वॉकर धरून अंगणात येतात. बागेत जायची घाई झालीय, छाटणी कुणी कशी केली ते त्यांना बघायचंय. डावा पाय अजून ओढतात, पण टेकवतात. आत्या अजूनही रोज त्यांच्या दोन्ही पोटऱ्या बघते.

पुढच्या महिन्यात तपासणीला मिरजेला येणार आहोत. आत्या म्हणते, त्या पोरीला भेटल्याशिवाय परत यायचं नाही. तुमची दिवसाची ड्युटी कधी आहे ते वॉर्डात विचारून ठेवतो, त्याच दिवशी येऊ.

आपला नम्र,
आप्पांचा थोरला
कवठेमहांकाळ, जि. सांगली