पिशवीवरचा ‘मायनस १५’ आणि लोसरची रात्र

मा. संपादक,
स. न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही गाडीतच मुक्काम करत हिमालय फिरायचा लेख छापलात, वाचून बरं वाटलं, कारण आम्ही दोघं नवरा-बायको गेली चार वर्षं हेच करतोय आणि नातेवाईक आम्हाला येडे समजतात, आता निदान ‘पेपरात आलंय बघा’ म्हणून दाखवता येईल. पण लेखात अंथरुण-पांघरुणाबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत, की मायनस १५ ची स्लीपिंग बॅग घ्या म्हणजे निश्चिंत, आणि फारच गारठलात तर गाडीचा हिटर चालू ठेवून झोपा. पहिल्या ओळीचा अनुभव आम्ही घेतलाय, दुसरीचा घेतलेला माणूस सांगायला परत येईलच असं नाही, म्हणून हे पत्र.

पहिल्या वर्षी आम्ही अशाच दोन बॅगा घेतल्या होत्या. दुकानदारानं पिशवीवरचा मोठ्ठा ‘मायनस १५’ दाखवला आणि आम्ही माना डोलावल्या. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, हिमाचलात किन्नौरकडून नाको, ताबो करत स्पिती खोऱ्यातल्या काझाला पोचलो, तिथल्या पेट्रोल पंपावर ३७४० मीटरचा बोर्ड आहे त्याच्यापुढं फोटो काढला (सगळेच काढतात) आणि पुढं लोसरच्या अलीकडं एर्टिगाच्या मागच्या सीटा पाडून झोपलो. लोसर ४००० मीटरच्या वर आहे. रात्री अडीचला ही उठून बसली, दोन स्वेटर, शाल, कानटोपी आणि वरनं बॅग, तरी दात वाजतायत, आणि मला म्हणते, अहो हा आकडा लिहिलाय कोणी? मी म्हटलं झोप गं, सकाळी बघू. पण झोप मलाही नव्हतीच. पहाटे पाचला डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान मायनस ७ होतं, म्हणजे पिशवीच्या हिशोबानं आम्ही अजून आठ डिग्री ‘निश्चिंत’ असायला पाहिजे होतो.

सकाळी उन्हात बसून बॅगेच्या आत शिवलेली ती बारीक पट्टी वाचली तेव्हा उलगडा झाला. त्यावर तीन आकडे होते, कम्फर्ट ५, लिमिट शून्य आणि एक्स्ट्रीम मायनस १५. पिशवीवर ठळक छापलेला तो तिसरा. या तीन आकड्यांमागं एक स्टँडर्ड आहे, पूर्वी ईएन १३५३७ होतं, आता आयएसओ २३५३७ म्हणतात, त्यात गरम करता येणारा एक पुतळा बॅगेत घालून थंड खोलीत ठेवतात आणि उष्णता किती जाते ते मोजतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाई अंग सैल सोडून झोपू शकेल ते तापमान, लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग मुडपून कसाबसा रात्र काढेल ते, आणि एक्स्ट्रीम म्हणजे साधारण सहा तास जीव तगेल, तोही हिमबाधेचा धोका पत्करून. झोपेचा त्यात संबंधच नाही! म्हणजे आम्ही चांगले रोख पैसे मोजून जीव तगायची सोय विकत घेतली होती. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे, आकडा बघायचा तो कम्फर्टचा, आणि तोही जिथं जायचं तिथल्या थंडीपेक्षा चार-पाच डिग्री खालचा. आणि जोडप्यानं जाताना बाईला काय लागेल ते आधी विचारायचं. तुमच्या लेखातल्या चारही फोटोंत पुरुषच आहेत, त्यावरून हे आठवलं.

दुसरी गोष्ट आम्हाला उशिरा कळली. थंडी वरनं कमी आणि खालनं जास्त येते. तुम्ही कितीही भारी बॅग घ्या, अंगाखालचा भाग वजनानं दबतो, दबला की त्यातली हवा जाते आणि हवा गेली की ऊब गेली. गाडीत तर खाली पत्रा आणि पत्र्याखालनं वारा. त्यात आम्ही फुगवायची डबल गादी नेली होती, दिसायला घरच्यासारखी, पण आत नुसती हवा, ती आतल्या आत खेळती राहते आणि अंगातली उष्णता शांतपणे पत्र्याला देऊन येते. आता आम्ही लहान मुलांच्या खोलीत घालतात तसले कोड्यासारखे जोडायचे फोमचे तुकडे खाली अंथरतो, त्यावर ट्रेकची घडीची फोम मॅट, आणि सगळ्यात वर सासऱ्यांचं घोंगडं. मॅट उष्णता किती अडवते त्याचा आर-व्हॅल्यू म्हणून आकडा तिच्यावर असतो, तो जेवढा मोठा तेवढं बरं, आणि एकावर एक घातल्या तर आकड्यांची सरळ बेरीज होते. शून्याखाली जायचं असेल तर बेरीज चार-पाचच्या पुढं न्या. घोंगड्याला आर-व्हॅल्यू कोणी दिलेली नाही पण ते घातल्यापासून ही तक्रार करत नाही.

आता पांघरुणाकडं येतो. दुसऱ्या वर्षी शहाणपणा म्हणून घरच्या दोन कापसाच्या रजया नेल्या. ऊब होती, पण सीटा पाडल्यावर दोन माणसं, पाण्याचा वीस लिटरचा जार, भांडी, बॅगा आणि त्या दोन रजया, म्हणजे रोज रात्री सामान पुढच्या सीटवर आणि रोज सकाळी परत मागं, हमाली नुसती. लोकांना वाटतं गाडी आहे तर जागा आहे, पण झोपायला लागलं की गाडीत जागेचीच मारामार असते. तेव्हा मग डाउनची दुलई घेतली.

डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाकडची कापसासारखी मऊ लव, देठाचं पीस नव्हे. आमच्या गल्लीत लहानपणी पिंजारी यायचा, त्याच्या धनुकलीचा तो ‘तुंई तुंई’ आवाज लांबनं ऐकू यायचा, आणि दबून फळकुटासारखी झालेली गादी त्यानं पिंजली की कापूस दुप्पट वर यायचा. वजन तेवढंच, वाढली ती फक्त हवा. डाउनचंही हेच गणित आहे, फक्त ते दाबून ठेवलं तरी सोडल्यावर आपलं आपण फुलतं, पिंजारी लागत नाही. हे फुलणं मोजायचा आकडा म्हणजे फिल पॉवर, एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम डाउन मोकळं सोडलं तर किती घनइंच जागा घेतं तो. ८०० असेल तर २८ ग्रॅममध्ये १३ लिटर, म्हणजे तेलाचा पंधरा लिटरचा डबा जवळजवळ भरला.

पण इथंही दुकानदार एकच आकडा नाचवतो. ८०० म्हणजे माल चांगला एवढंच, दुलई ऊबदार आहे का ते आत किती ग्रॅम भरलंय त्यावर ठरतं. दोनशे ग्रॅम भरून ८०० लिहिलेली दुलई मुंबईच्या एसीत ठीक आहे. आमच्या डबल दुलईत ७५० फिल पॉवरचं ७०० ग्रॅम आहे, हिशोब केला तर जवळपास ३०० लिटर हवा, म्हणजे दोनशे लिटरचं दीड पिंप, आणि एकूण वजन १ किलो ३०० ग्रॅम. दाबून भरली की पिशवी आमच्या पाच लिटरच्या कुकरपेक्षा थोडी मोठी होते, ड्रायव्हरच्या सीटमागं मावते.

घेताना पट्टीवर डाउन किती टक्के आणि पिसं किती ते वाचा, ९०-१० असेल तर उत्तम, ५०-५० असेल तर हाताला देठ टोचतात आणि वजन उगाच वाढतं. ‘डाउन अल्टरनेटिव्ह’ लिहिलं असेल तर ते डाउन नाही, पॉलिस्टर आहे. कप्पे आरपार शिवलेले असतील तर शिलाईच्या रेषेवर डाउनच नसतं, तिथनं गार हवा सुईसारखी येते, चांगल्या मालात दोन कापडांच्या मधे पातळ पडद्या असतात. आम्ही दुकानात मोबाइलचा टॉर्च खालनं लावून बघितलं, एका दुलईत अर्धे कप्पे कंदिलासारखे उजळले, ती तिथंच ठेवली.

आणि गाडीत दुलईच घ्या, माणसाला गुंडाळणारी निमुळती बॅग नको. ती तंबूत भारी, पण गाडीत रात्री कूस बदलायला, उठून लघवीला जायला पाय आधी मोकळे लागतात, आणि दोघांत एक दुलई असली की एकमेकांची ऊबही मिळते. किंमत थोडी नाही, त्या पैशात बऱ्यापैकी वॉशिंग मशीन आलं असतं, हे मला अजून ऐकावं लागतं.

डाउनचा शत्रू म्हणजे ओल. भिजलं की लगदा होतो आणि ऊब शून्य. काचा पूर्ण बंद करून झोपलं की दोघांच्या श्वासाची वाफ काचेवर आतनंच गोठते, मी एकदा सकाळी एटीएम कार्डानं खरवडलीय, आणि पायाकडचं टोक मागच्या काचेला चिकटून ओलं झालेलं. आता समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवतो आणि पायाशी एक जुना टॉवेल. घरी आल्यावर दुलई त्या छोट्या पिशवीत ठेवायची नाही, महिनोन्महिने दाबून राहिलं की डाउनचं फुलणं मरतं. आईच्या जुन्या नऊवारीची मोठी सैल पिशवी शिवलीय, त्यात ती कपाटावर पडून असते, पावसाळ्यात पंख्याखाली एकदा मोकळी करायची.

माझ्या वहिनीला पक्ष्याची पिसं अंगावर नकोत, तिचं म्हणणं मला पटतं. जिवंत पक्ष्यांची पिसं उपटू नयेत म्हणून आरडीएस नावाचं प्रमाणपत्र २०१४ पासून आहे, आमच्या दुलईवर ते आहे, पण पक्षी शेवटी मेलेलाच असतो. तिनं सिंथेटिक घेतली, वजनाला आणि आकाराला जवळजवळ दुप्पट, पण ओली झाली तरी थोडी ऊब धरते आणि घरच्या मशीनमध्ये धुता येते. दोघांच्याच ट्रिपला तीही चालते की.

राहिला तो हिटर. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपलं आणि सायलेन्सर बर्फात नाहीतर मातीत बुजला किंवा कुठं गळत असला, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. शेगडी, कोळसे, गॅसची छोटी चूल यांचंही तेच. गारठलात तर झोपायच्या आधी बाहेर पाणी उकळा, स्टीलच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावा, मोज्यात घालून पायाशी घ्या, पहाटेपर्यंत कोमट राहते आणि तेच पाणी सकाळी चहाला. (चुलीला नुसत्या ब्युटेन गॅसचा डबा असेल तर शून्याखाली ती पेटतच नाही, म्हणून पाणी रात्रीच उकळायचं.)

तेव्हा विनंती एवढीच की हिटरच्या त्या ओळीची दुरुस्ती येत्या रविवारी पुरवणीतच छापावी, आतल्या पानावर बारीक अक्षरात नको. दिवाळीनंतर आमच्या ओळखीची तीन पोरं तुमचा लेख कात्रण करून स्पितीला निघालीत, त्यांना मी फोन केलाय, पण बाकीच्यांना मी कुठून गाठू.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली