मुलांच्या प्रकल्पाला हवेत पारखून घेणारे व्यावसायिक

सप्रेम नमस्कार,

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयात वाणिज्य शाखेची मुले यंदा प्रकल्पाची वही नुसती भरून देणार नाहीत. प्रत्येक गटाने आसपासचा एक छोटा धंदा निवडला आहे. कोणी खाजे हा जत्रेतला गुळाचा खाऊ बनवणाऱ्या खाजेकारांकडे जाते, कोणी कुंभारांकडे, कोणी सुपे-टोपल्या विणणाऱ्यांकडे, तर कोणी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे) सामान विकणाऱ्या बायकांकडे. त्या धंद्याची एक अडचण समजून घ्यायची, तिच्यावर उपाय काढायचा आणि दिवाळीआधी तो त्याच माणसांसमोर उभे राहून मांडायचा, असे ठरले आहे. गुण शिक्षक देतील, पण काम उपयोगाचे झाले की नाही, हे धंदा करणाराच सांगेल.

याने काय फरक पडतो, ते खाजेवाल्या गटाच्या पहिल्या बैठकीत दिसले. मुलांनी पाकिटाचे लेबल तयार करून आणले होते. बेसन, गूळ, तीळ, आले हे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, चौकटीतला हिरवा ठिपका, अन्न परवान्याच्या १४ अंकी क्रमांकासाठी जागा, सगळे जागच्या जागी. खाजेकार भाऊंनी पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि ‘दोन महिन्यांपर्यंत उत्तम’ या ओळीवर बोट ठेवले. “हे कोणी ठरवले?” मुले गप्प. मग भाऊंनीच समजावले, की पावसाळी हवा लागली की गूळ पाझरतो आणि खाजे मऊ पडते. जत्रेत ताजा माल हातोहात खपतो, तिथे हा प्रश्न येत नाही. दुकानात ठेवायला दिला की येतो, आणि मऊ पडलेला माल परत येतो तो खाजेकाराच्याच अंगावर.

तेव्हापासून मुले निरनिराळ्या जाडीच्या पिशव्यांत खाजे भरून ठेवतात, ठरावीक दिवसांनी एकेक पाकीट उघडतात, वजन करतात, मोडून पाहतात आणि लिहून ठेवतात. शिक्षकांच्या लाल शेऱ्याने हे झाले नसते, असे आम्हा पालकांना मनापासून वाटते. मात्र पिशव्यांची तोंडे सध्या मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवली जातात आणि वजनकाटा एका पालकाच्या दुकानातून उसना आणावा लागतो.

आमच्या तालुक्यात अनेक घरांची चूल खाणींच्या ट्रकांवर पेटत होती. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा हप्ते कसे थकले आणि घरे कशी हलली, हे या मुलांच्या आईवडिलांनी सोसले आहे. गावातला लहान धंदा कशावर उभा राहतो, हे मुलांना शाळेतच कळायला हवे, हा आमचा आग्रह त्यातूनच आला आहे.

म्हणून आपल्याकडे पहिले मागणे वेळेचे आहे. छपाईवाले, हिशेबनीस, किराणा दुकानदार, हॉटेलांची खरेदी पाहणारे, भेटवस्तूंची दुकाने चालवणारे, कोणीही एक सकाळ द्यावी. मुलांचे सादरीकरण ऐकावे आणि खऱ्या पुरवठादाराला विचाराल तेच विचारावे: दर काय, माल किती, कधी देणार, खराब निघाला तर कोण भरून देणार? मुले लहान आहेत म्हणून सांभाळून घेऊ नये. मराठीत, कोंकणीत, इंग्रजीत, जसे जमेल तसे बोलावे. त्यांचीही तयारी चालू आहे.

दुसरे मागणे पैशांचे. पाकिटांना सील करणारे यंत्र, अचूक वजनकाटा, लेबलांच्या नमुन्यांची छपाई आणि धंदेवाल्यांकडे जाण्यायेण्याचे कदंब बसचे तिकीट, एवढाच खर्च आहे. सादरीकरणाच्या दिवशी चहापाणी पालक आपल्या घरून आणतील. वापरात नसलेला, पण चालू स्थितीतला प्रोजेक्टर कोणाकडे असेल, तर तोही हवा आहे. खाजे, भांडी, टोपल्या विकणाऱ्यांकडून मात्र एक पैसाही घेतला जाणार नाही. उलट नमुन्यासाठी घेतलेल्या त्यांच्या मालाचे पैसे संघ चुकते करील, कारण त्यांचा कामाचा वेळ मुलांनी आधीच घेतला आहे.

देणगी विद्यालयाच्या कार्यालयात शाळेच्या वेळेत स्वीकारली जाईल. प्रत्येक रकमेची आणि वस्तूची पावती मिळेल, आणि जमाखर्च सादरीकरणाच्या दिवशी सूचनाफलकावर लावला जाईल. ज्यांना ऐकायला यायचे आहे, त्यांनी चवथीपूर्वी नाव आणि व्यवसाय कार्यालयात नोंदवावा. कोणत्या गटाला कोणासमोर उभे करायचे, ते त्यावरून ठरवता येईल. जत्रांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि खाजेकारांना लेबल त्याआधी हातात हवे आहे.

आपले,
पालक-शिक्षक संघ