लातूरच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात ऑनलाइन तासांसाठी अपाचे ओपनमीटिंग्ज हे ऑनलाइन बैठकीचं सॉफ्टवेअर बसवलं, पण लॉगिननं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. संगणक कक्षासाठी प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं आमच्या डिरेक्टरीत (सगळ्या खात्यांच्या एकत्र यादीत) आहेच, तरी तासाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड. केज-धारूरकडची कितीतरी लेकरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि कोपीत बसून मोबाइलवर तास ऐकतात. ऐनवेळी पासवर्ड आठवला नाही की त्या लेकराचा तो तास गेलाच. म्हणून एलडीएपीनं, म्हणजे डिरेक्टरीशी बोलायच्या पद्धतीनं, ओपनमीटिंग्ज तिला जोडायला घेतलं, तर प्राध्यापक आत यायचे आणि विद्यार्थी एकही नाही.

तुमची-आमची ओळख नव्हती. एका माजी विद्यार्थ्यानं नंबर दिला, तुम्ही नोकरीवरून नुकत्याच घरी आला होतात, तरी लगेच स्क्रीन बघायला बसलात. तुमचं पहिलंच वाक्य होतं, "अ‍ॅडमिनचा पासवर्ड मला सांगू नका. तुम्हीच टाइप करा, मी बघते." तिथंच भरवसा बसला.

ओपनमीटिंग्जला हात न लावता तुम्ही आधी एलडीएपीसर्च या शोधाच्या कमांडनं डिरेक्टरीलाच विचारायला लावलंत. बीएस्सीच्या एका मुलीची नोंद झटकन समोर आली. डिरेक्टरी ठीक होती, दुखणं जोडणीत होतं. मग सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ तुम्ही मोठ्यानं वाचायला सांगितली. शोधाच्या व्याप्तीसमोर 'वनलेव्हल', म्हणजे फक्त एकच पातळी, होतं. प्राध्यापक थेट वरच्या पातळीवर होते; विद्यार्थी मात्र कला, वाणिज्य, विज्ञान अशा आतल्या कप्प्यांत. तिथवर शोध पोचतच नव्हता. 'सबट्री', म्हणजे आतल्या सगळ्या पातळ्या, केलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि ती मुलगी पहिल्या झटक्यात आत आली. तिचं ओपनमीटिंग्जमधलं खातंही आपोआप तयार झालं.

काम झालं म्हणून दुसरं कुणी फोन ठेवला असता. तुम्ही 'सर्चअँडबाइंड' म्हणजे काय तेही समजावलंत: आधी एका ठरलेल्या खात्यानं विद्यार्थ्याची नोंद शोधायची, मग त्याच नोंदीवर त्याचा पासवर्ड तपासायचा. 'सिंपलबाइंड'मध्ये नोंदीचा पत्ता ठरलेल्या साच्यातून बनतो, म्हणून वेगवेगळ्या शाखांत विखुरलेल्या मुलांना तो उपयोगी नाही. शोधणाऱ्या खात्याचा पासवर्ड फाइलमध्ये उघडा लिहिलेला असतो, तेव्हा तिथं मुख्य अ‍ॅडमिनचं खातं ठेवूच नका, म्हणालात, आणि फक्त वाचता येईल असं वेगळं खातं आमच्याकडूनच करून घेतलंत. साध्या ३८९ पोर्टवरून (सर्व्हरच्या जोडणीच्या दारातून) पासवर्ड न झाकता जसेच्या तसे जात होते. सर्टिफिकेट बसवून जोडणी ६३६ या सुरक्षित पोर्टवर नेईपर्यंत तुम्ही लाइनवर होतात. एवढी कळकळ पैसे मोजूनही मिळत नाही हो ताई.

तुम्ही सांगितलेले एलडीएपीच्या चुकांचे दोन आकडे आमच्या लॅब असिस्टंटनं सर्व्हरच्या कपाटावर चिकटवलेत. ४९ आला तर नाव-पासवर्ड तपासा, ३२ आला तर शोधायची जागा तपासा. आता लॉग (सर्व्हरच्या नोंदी) तोच वाचतो, मला विचारत नाही. कॉलेज सोडून गेलेल्या मुलाचं खातं डिरेक्टरीत बंद केलं की तासाचं लॉगिनही बंद होतं, त्यामुळे कार्यालयाचीही कटकट गेली.

तुम्ही मानधन नको म्हणालात. मग एक हक्काचं मागणं आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना हे सगळं तुमच्याकडूनच शिकायचंय, विशेषतः मुलींना. प्राचार्यांनी होकार दिलाय, जाण्यायेण्याची सोय आम्ही करू. तुम्हाला सोयीचा शनिवार तेवढा कळवा.

आपला कृतज्ञ,
संगणक विभागप्रमुख, अंबाजोगाई