बाबा, सवलत मागून घ्या

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तिकिटाचा विषय निघाला की बाबा "बरं बरं, बघूया" म्हणून फोन आईकडं देतात आणि आई "त्यांनाच सांग की" म्हणून परत त्यांच्याकडं. म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. हे पत्र देवघराच्या फळीवर ठेवून द्यायचं नाही. बाबांनी चष्मा लावून वाचायचं आहे.

बाबा, जिथं हक्काचे पैसे वाचतात तिथं तुम्ही तोंड उघडत नाही. आणि रिक्षाचे पैसे वाचवायला म्हणून भर उन्हात गुडघे ओढत चालत येता. याचं उलटं करा, एवढंच माझं म्हणणं.

आधी सवलतीचं. तुम्ही बेळगावात, म्हणजे कर्नाटकात. कर्नाटकात राहणाऱ्या, 60 पूर्ण झालेल्या माणसाला तिथल्या सरकारी लांबच्या गाडीत तिकिटावर 25 टक्के सूट आहे. ही आजची नव्हे, बायकांना फुकट प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेच्या कितीतरी आधीपासूनची. तुम्हाला साठ होऊन जमाना झाला, तरी हुबळीला जाताना तुम्ही पूर्ण तिकीट काढता आणि वर म्हणता, "चार लोकांत आधार कार्ड काढून दाखवायचं म्हणजे मागितल्यासारखं वाटतं." अहो, मागितल्यासारखं काय, मागायचंच असतं ते! कंडक्टर आपणहून विचारणार नाही. गर्दीत त्याला मशिनवर बोटं मारत पुढं सरकायचं असतं. तिकीट एकदा बाहेर आलं की ते परत आत जात नाही. म्हणून पैसे काढायच्या आधी कार्ड हातात धरायचं आणि "हिरिय नागरिक" म्हणायचं. मागाच्या सुतासाठी आयुष्यभर व्यापाऱ्यांशी कानडीत घासाघीस केलीत, हे दोन शब्द काही जड नाहीत.

कार्ड मूळच न्या. तुमची ती झेरॉक्स घडीवर फाटलीय, त्यावरचं साल वाचता येत नाही. तुमच्या जन्मतारखेवर हसू नका म्हणता, पण शाळेतल्या गुरुजींनी अर्ध्या गल्लीला 1 जूनलाच जन्माला घातलंय. त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

आता आईचं. आई, तुझं मला काही शिकवायचं नाही, तूच गल्लीला शिकवतेस. 11 जून 2023 ला शक्ती योजना सुरू झाली आणि त्या वर्षापासून भिशीतल्या बायकांनी सौंदत्तीची यल्लम्मा काय, गोकाकचा धबधबा काय, खानापूरच्या सगळ्या पाहुण्यांची घरं काय, एक ठिकाण सोडलं नाही. पूर्वी कुठं जायचं तर आधी बाबांकडं पैशाचं काढायचं, मग ते "कशाला?" विचारणार, मग तू "जाऊ दे" म्हणणार. ते 'जाऊ दे' आता ऐकू येत नाही. मला विचाराल तर या योजनेतनं सगळ्यात मोठं जे मिळालं ते हे.

फक्त एक सांभाळ. शून्य रुपयाचं असलं तरी ते तिकीट आहे. तू ते कमरेच्या पिशवीत सुपारीच्या पुडीला गुंडाळतेस, मग तपासनीस आला की आधी सुपारी निघते, मग किल्ली, मग अंगारा, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. उतरेपर्यंत हातात नाहीतर बटव्याच्या वरच्या कप्प्यात ठेव. "फुकटाला कसलं तिकीट" म्हणून घ्यायचं सोडू तर अजिबात नको. मशिनमधनं निघालेल्या त्या शून्य तिकिटांच्याच हिशेबानं सरकार परिवहन संस्थेला पैसे भरून देतं. तू तिकीट घेतलं नाहीस तर तुझा प्रवास कागदावर झालाच नाही.

बाबांचं म्हणणं मला ठाऊक आहे: "या हातानं देतात, त्या हातानं काढतात." 5 जानेवारी 2025 पासून तिकीट 15 टक्क्यांनी वाढलं, ते तुम्हीच भरताय, हे खरं. पण वाढलेलं भाडं तुम्ही भरलंत आणि आपली सवलतही सोडलीत, तर दोन्ही हातांनी तुमचंच गेलं ना? आणि गर्दीचं म्हणाल तर राज्यातल्या साध्या गाड्यांत निम्म्या जागा पुरुषांसाठी ठेवायच्या असा शक्ती योजनेच्याच आदेशात नियम आहे. भांडू नका, पण कंडक्टरला सांगायला काय हरकत आहे?

माझी गंमत आईनं तुम्हाला सांगितली असेलच. आधारवर माझा पत्ता आता पुण्याचा. शक्तीला पत्ता कर्नाटकातला लागतो. त्यामुळं खानापूरला एकाच बाकावर बसून आईला शून्य आणि मला पूर्ण तिकीट. "माहेराला पाहुणी झालीस बघ," म्हणून आई अख्खा रस्ता हसत होती. इकडं महाराष्ट्रात आमच्या एसटीत मला अर्धं तिकीट आहे, 17 मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना. पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच.

यावरून कोल्हापूर. आत्याकडं जायचं तर निपाणीला गाडी बदलायची की थेट जायचं, यावर तुमचं दर वेळी वाजतं. हिशेब असा आहे. शक्तीचं शून्य तिकीट राज्यातल्या राज्यात फिरणाऱ्या साध्या आणि एक्सप्रेस गाडीला, थेट कोल्हापूरच्या आंतरराज्य गाडीला नाही. म्हणजे आई संकेश्वर, तवंदीचा घाट करत निपाणीपर्यंत फुकट जाईल, बाबांचं 25 टक्के कमी. निपाणीत एसटी धरली की हद्दीपर्यंतचं तिकीट पूर्ण आणि कागलच्या बाजूला आईचं अर्धं. कागदावर हे नक्की स्वस्त. पण हातात दोन पिशव्या, त्यात लोणच्याची बरणी, बाबांचे गुडघे, आणि निपाणीच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना चहा आणि मिरची भजी. वाचलेल्यातलं निम्मं तिथंच कढईत जातं. आई एकटी, मोकळ्या हातानं निघाली तर निपाणीला बदलावं. दोघं सामान घेऊन निघालात तर सरळ थेट गाडीत बसा आणि त्यावर परत चर्चा नको. सीमाप्रश्नावरून काही पेटलं असेल तर मात्र निघायच्या आधी स्टँडवर विचारा, त्या दिवसांत दोन्हीकडच्या गाड्या हद्दीच्या अलीकडंच थांबतात.

आत्याचं वेगळंच. तिला पंचाहत्तर पूर्ण झाली, त्यामुळं ऑगस्ट 2022 पासूनच्या अमृत ज्येष्ठ योजनेत तिचा एसटीप्रवास फुकट, पण तोही हद्दीपर्यंत. तिकडून ती फुकट, इकडून आई फुकट, आणि दोघींची भेट व्हायची तर मधल्या तुकड्याचे पैसे कुणीतरी भरायलाच हवेत. भाडं वाढवताना मात्र दोन्ही राज्यांचं छान जमलं. तुमचं 5 तारखेला वाढलं, त्याच जानेवारीत 25 पासून एसटीचं 14.95 टक्क्यांनी.

आता गावातलं. बाबांच्या तपासणीला वडगावातनं नेहरूनगर म्हणजे स्टँडवर एक गाडी बदलावी लागते. जाताना सिटी बसनं जा, पण कॉलेजच्या पोरांची गर्दी ओसरल्यावर. येताना रिक्षा करा. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन, दुपारी दीड वाजता स्टँडपासून शहापूरमार्गे चालत येणं ही बचत नाही. त्यातनं वाचलेले पैसे पुढच्या आठवड्यात गुडघ्याच्या मलमाला जातात, तेही मेडिकलवाला सवलत न देता घेतो. रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरवा, आणि ठरवायचं काम आईला द्या. तुम्ही पहिल्या आकड्यालाच मान हलवता.

सुट्ट्याचंही सांगते. पन्नासची नोट दिली की कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर बॉलपेननं उरलेले पैसे लिहितो, खाली रेघ मारतो आणि पुढं जातो. तुम्ही ते तिकीट खिशात घालता, खिडकीतनं बघत बसता आणि उतरून मोकळे. तुमच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात मला तसली तिकिटं चिकटलेली सापडली, धुऊन निघालेली, आकडे अजून दिसणारी. पंचवीस टक्के सवलतीत जे मिळायचं ते तिकिटाच्या पाठीवर विसरलं तर काय उपयोग? घरातनं निघतानाच आईच्या डब्यातनं दहाची चिल्लर न्या, नाहीतर मी शिकवलंय तसं क्यूआर स्कॅन करून द्या. फोन आहे कशाला, नुसता सकाळचे फुलांचे फोटो पाठवायला?

दिवाळीनंतर तुम्ही इकडं येणार, म्हणून पुण्याचंही लिहून ठेवते. रेल्वेनं मार्च 2020 पासून ज्येष्ठांची सूट बंद केलीय, ती धरून हिशेब करू नका. तिकीट काढताना वय मात्र बरोबर घाला, खालचा बर्थ मिळायला त्याची मदत होते. वंदे भारतचा हट्ट नको, रात्रीच्या गाडीत स्लीपरनं झोपून या, पैसेही कमी आणि पाठही आडवी.

पुण्यात आल्यावर "पास काढू, पास काढू" करू नका. पीएमपीचं, म्हणजे इथल्या सिटी बसचं, 1 जून 2025 पासून असं आहे: पाच किलोमीटरपर्यंत 10 रुपये, दहापर्यंत 20, पंधरापर्यंत 30. आणि दिवसाचा पास, जो आधी 40 ला होता, तो 70. कात्रजहून शिवाजीनगरला जाऊन परत आलं तर 60 होतात. म्हणजे नुसतं एक काम करून घरी यायचं असेल तर पासात दहा रुपये तोटा. मधेच तुळशीबागेत उतरायचं, तिथून आणखी कुठं, असा आईचा बेत असेल तर पास. तुळशीबाग म्हटलं की आईचा बेत तसाच असतो, हे धरून चाला. मेट्रो शनिवार-रविवारी, तेव्हा 30 टक्के सूट असते. एरवी मेट्रो कार्डावर 10 टक्के मिळते, माझं कार्ड आहे, पण एका कार्डावर दोघं जात नाहीत, तुमच्यासाठी दुसरं काढून ठेवते. मेट्रोत बाबांना चढउतार नाही, सरकता जिना आहे, लिफ्ट आहे. पहिल्यांदा सरकत्या जिन्यावर आईचा पदर मात्र धरा.

सोबत दोन प्लास्टिकची पाकिटं पाठवतेय, गळ्यात अडकवायची दोरी आहे त्यांना. एकात आईचं आधार, एकात बाबांचं. बाबांना ते शाळकरी पोरासारखं वाटेल, तर दोरी कापून खिशात ठेवा, पण बरोबर ठेवा.

येत्या आठवड्यात तुम्हाला चुलतकाकांच्या घरी धारवाडला जायचंय ना? तेव्हा विचारा त्या कंडक्टरला. विचारलंत की नाही ते तुम्ही काही मला सांगणार नाही. आई सांगेल, तीही तुमच्यासमोरच.

तुमची,
धाकटी