जिन्याखाली मोरी काढून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार तोंडी मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. येरवड्यातल्या बायकांना ते सांगायची गरजही नाही.

"घरं मिळणार" हे आमच्या वस्तीनं दर निवडणुकीला ऐकलेलं. त्यामुळे तुम्ही महिला मिलनच्या, म्हणजे वस्तीतल्या बायकांच्या बचत संघटनेच्या, बायका टेप घेऊन गल्लीत शिरलात तेव्हा सासूबाईंनी दारच लावून घेतलं होतं. २००५ साली केंद्रानं काढलेल्या नेहरू योजनेतून ही घरं होणार होती. आमच्या मनात भीती एकच, की उचलून हडपसरच्या नाहीतर वारज्याच्या इमारतीत टाकतील. तिथली घरं वाईट असं नाही. पण सासूबाईंचं जग म्हणजे गल्लीतल्या चार म्हाताऱ्या आणि कोपऱ्यावरचा दवाखाना. माझी धुण्याभांड्याची कामं कल्याणीनगरात, पायी जाण्यासारखी. थोरला तेव्हा कडेवर होता. लांब गेलो असतो तर पोराला सांभाळायला कोण आणि म्हातारीकडे बघायला कोण?

पक्क्या घरांना हात लागणार नाही, कच्ची तेवढी पडतील आणि ज्याचं घर जिथे आहे तिथेच उभं राहील, हे तुम्ही बंद दाराबाहेर उभ्या राहून सांगितलंत. प्रत्येकाला २७० चौरस फूट. घराला खर्च ३ लाख, त्यातला दहावा हिस्सा आपला, बाकीचा सरकारचा आणि महापालिकेचा. ३० हजार ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही काही समजावत बसला नाहीत. बचतीचं पुस्तक काढलंत आणि म्हणालात, "आज किती आहेत? दहा? दे." दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर! तेव्हा राग यायचा, खरं सांगते.

पण मला लिहायचंय ते नकाशाबद्दल. आमची जागा जेमतेम एकशे पस्तीस फूट, म्हणजे खाली एक खोली नि वर एक खोली. पहिल्या कागदावर संडास-मोरी वरच्या मजल्यावर होती. आम्ही मान डोलावली. कागदावरच्या रेघा आम्हाला काय कळणार! भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी ऐंशीच्या दशकात साड्या लावून पुऱ्या मापाचं घर उभं केलं होतं, ते तुम्ही नेहमी सांगायचात. तसंच तुम्ही आमच्या दारापुढे खडूनं खोली आखलीत, ओटा आखलात, जिना आखलात आणि सासूबाईंना आत उभं केलंत. मग विचारलंत, "आजी, रात्री किती वेळा उठता?"

त्या लाजल्या. "तीनदा तरी," म्हणाल्या.

आर्किटेक्टकडचा मुलगा गप्प झाला. मग त्यानंच वाकून खडू घेतला आणि मोरी जिन्याखाली ओढली. ओटा दोन वीत आखूड झाला, त्यावरून मी दोन दिवस कुरकुरले. आज सासूबाई खाली झोपतात आणि आम्ही वर. रात्री कुणाला हाक मारावी लागत नाही. जिना मात्र उभाच आहे, गुडघे धरून चढावा असा. एवढ्याशा जागेत त्याला इलाज नव्हता, हे मलाही कळतं.

शेजारच्यांशी भिंतीवरून झालेलं भांडण, काम चालू असताना भाड्याच्या खोलीत काढलेला पावसाळा, यावर लिहीत नाही. भिंतीच्या भांडणात रात्री उशिरापर्यंत दोन्ही घरांच्या मधोमध पायरीवर बसून राहिलेल्या तुम्ही तेवढ्या लक्षात आहात. त्या रात्री तुमच्या घरी स्वयंपाक कुणी केला, हे विचारायचं राहूनच गेलं.

आता थोरला कॉलेजात जातो. सासूबाई दुपारी उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात. तुमचं नाव निघालं की "ती खडूवाली" म्हणतात, रागावू नका.

आणि एक काम आहे. माझ्या धाकट्या जावेच्या वस्तीतही आता घरांच्या मीटिंगा सुरू झाल्यात. तिला रविवारी तुमच्याकडे पाठवते. तिच्या घरी सासऱ्यांना चालता येत नाही आणि तिला पाचवा महिना आहे. ती स्वतःहून काही बोलायची नाही, तुम्हीच विचारा.

तुमची,
तिसऱ्या गल्लीतली सून